वाऱ्याची झडती

कासमभाई होडेकरांनी माझ्यावर कधीच विश्वास ठेवला नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी मोजणी खात्यातला माणूस. खांद्यावर साखळी आणि काखेत नकाशा घेऊन आलेल्या माणसाला कोकणात चहा मिळतो, बसायला खुर्ची मिळते, दिवस बरे असले तर फणसाचे चार गरेही मिळतात. विश्वास तेवढा मिळत नाही. मीही तो कधी कुणावर ठेवला नाही. तीस वर्षं लोकांचे बांध मोजत हिंडलो, त्यात एवढंच शिकलो की समोरचा माणूस फार गोड बोलायला लागला की त्याच्या मागचा हद्दीचा दगड आधी बघावा.

पण संशय घ्यावा तर कासमभाईंनी. आमचा संशय सरकारी, साडेदहा ते सहा चालणारा. त्यांचा अष्टौप्रहर.

पावसच्या पुढे मुख्य रस्ता सोडून दोन उतार उतरलं की त्यांचं गाव लागतं. नाव सांगत नाही. तिथले काही वाद अजून मिटलेले नाहीत. खाली समुद्र, मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा; तिथल्या वाळूलाही पुळणच म्हणतात. पुळणीच्या डोक्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूचा लांबलचक उंचवटा, एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढा. गावात त्याला नुसतं 'बांध' म्हणतात. त्या बांधाच्या आड माडांच्या वाड्या, मुसलमानांचा मोहल्ला, आणि मोहल्ला नि वरची सुर्वेवाडी यांच्या मध्ये एक विहीर. तिला 'गोडी बाव' म्हणतात. दर्यापासून हाकेच्या अंतरावर असून पाणी मात्र शहाळ्यासारखं. दोन्हीकडच्या बायका तिच्यावर पाणी भरायच्या आणि एकमेकींच्या कळशांकडे तिरक्या नजरेने बघायच्या.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीनंतर आमच्या टेबलावर एक तक्रार आली. तक्रारदार दत्ताराम सुर्वे, बांधाला लागून असलेल्या माडाच्या वाडीचे मालक. मजकूर असा की कासम होडेकर हा इसम सौदीहून पैसे मिळवून आला असून त्याने सरकारी पुळणीत वई घातली आहे, आणि ती वई तो दर मोसमात समुद्राच्या बाजूला सरकवीत आहे. सबब मोजणी होऊन मिळावी.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. वई म्हणजे कुंपण. काट्याकुट्यांचं, झावळ्यांचं, कसलंही. पण आमच्याकडे वई हा शब्द नुसत्या कुंपणाचा नाही. वई घातली म्हणजे जागा आपली म्हटली. आज झावळ्या रोवायच्या, चार वर्षांनी तिथे चिऱ्याचा गडगा रचायचा, दहा वर्षांनी कोर्टात सांगायचं की आजोबांपासून वहिवाट आहे. सख्खे भाऊ वईपायी एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. त्यामुळे तक्रार वाचताच माझ्या मनात निकाल लागून गेला होता. मोजणी तेवढी बाकी होती.

मी गेलो तेव्हा कासमभाई वईपाशीच उभे होते. उंच, वाळके, चौकड्यांची लुंगी, डोक्याला अरबी रुमाल गुंडाळलेला, दाढीला मेंदी. डोळे बारीक करून बघण्याची सवय. पुढे कळलं की ती उन्हाची सवय नव्हे; ते घरात बसूनही माणसाकडे तसंच बघत.

"मोजणीवाले ना? दत्तारामान बोलवलान ना?" ते म्हणाले. "मोजा, मोजा. पण जाताना मला सांगून जायचा."

वई बघून माझा संशय आणखी बळावला. सुकलेल्या झावळ्यांची उभी रांग, पण प्रत्येक दोन झावळ्यांत मुठीएवढी फट. शेळी सोडा, कोंबडीही अडणार नाही. जी वई जनावर अडवत नाही ती कसली वई? मनात म्हटलं, गड्याने नुसती खूण करून ठेवलीय. जागा पदरात पडली की पक्कं कुंपण घालेल. मी फटीकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"बंद वई वाऱ्यान पडते," ते म्हणाले. "वाऱ्याला वाट ठेवायची. वारा पलीकडं जातो, त्याच्याबरोबरची पुळण हितं पडते. वई म्हंजे काय? वाऱ्याची झडती. तो काय घेऊन चाललाय ता काढून घ्यायचा नि मग त्याला सोडायचा."

सौदीत ते अठरा वर्षं एका खजुराच्या बागेवर होते. बागेच्या पाठीला वाळवंट. तिथले लोक खजुराच्या फांद्यांच्या अशाच विरळ वया घालतात, वाळूने वई पुरली की तिच्या डोक्यावर किंवा पुढे दुसरी. अठरा वर्षं कासमभाईंनी हेच केलं होतं: बागेवर येणारी वाळू अडवायची. आता गावी येऊन ते उलटं काम करत होते, जाणारी वाळू अडवायची. बांधाच्या मधोमध एक खिंड पडली होती, बैलगाडी जाईल एवढी. त्या खिंडीच्या तोंडावर त्यांनी पहिली वई घातली. ती पुरली तेव्हा तिच्यावर मर्यादवेल लावली. ही वेल पुळणीवर आपोआप पसरते, जांभळी फुलं येतात, मुळं वाळू घट्ट धरून ठेवतात. मग तिच्यापुढे दुसरी वई, तीही पुरली, मग तिसरी.

"खिंड बुजली पायजे," ते म्हणाले. "नायतर एक दिवस दर्या ह्याच वाटेन आत येल. नि आत काय हाय? बाव हाय."

असल्या सबबी मी पन्नास ऐकल्या होत्या. गायरानात घर बांधणारा देवळासाठी बांधतो, पाणंद गिळणारा गुरांसाठी गिळतो. मी मान डोलावली आणि साखळी सोडली. काम झाल्यावर जायला निघालो तर त्यांनी हाक मारली.

"ओ मोजणीवाले. चपला झटका."

"कशाला?"

"पुळण चाललीय तुमच्याबरोबर."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते वाटेत आडवे उभे. मी एक चप्पल काढून झटकली. चिमूटभर वाळू पडली.

"दुसरी."

दुसरीही झटकली. मग त्यांनी मला घरी नेलं, आणि त्यांच्या बायकोने, जैतूनभाभींनी, तांब्याच्या पेल्यात विहिरीचं पाणी आणून दिलं. मी पेला उचलला तर कासमभाई माझ्या तोंडाकडे बघत बसले. "गोडा हाय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "ह्या पन लिवा," ते म्हणाले.

मी ते लिहिलं नाही. टिपणात लिहिलं की वई मागच्या नकाशातल्या हद्दीच्या रेषेपासून नऊ मीटर समुद्राकडे सरकलेली आढळली. सरकारी जागेत अतिक्रमण. आकडे बरोबर होते. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. त्यात मोजणीदाराला जे वाटेल ते लिहिता येतं, आणि शहाणे मोजणीदार त्यात काही लिहीत नाहीत. मी तो कोरा ठेवला.

मोजणीनंतरच्या दिवसांत कामाच्या निमित्ताने मला त्या गावी दोन-चारदा जावं लागलं, आणि गावाचा कासमभाईंवरचा संशय किती तऱ्हांचा आहे ते कळत गेलं. कुणी म्हणे मुंबईच्या हॉटेलवाल्याशी सौदा झालाय. कुणी म्हणे पुळणीखाली सोनं पुरलंय, सौदीचं. नाहीतर परदेशातून आलेला माणूस वरती मजला चढवतो, गाडी घेतो. हा झावळ्या कशाला गोळा करील? मोहल्ल्यातलेही त्यांना वईवाला कासम म्हणत आणि चपला झटकायला लागू नयेत म्हणून लांबून जात. कासमभाई लांबून जाणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवत. कुणाच्या अंगणात नवी वाळू दिसली की चिमूट उचलून बोटांत चोळून बघत. खाडीची की पुळणीची, त्यांना चोळून कळे.

"माझी बॅग बंबयला इमानातनं उतरल्यावर तीनदा उघडल्यानी," ते एकदा म्हणाले. "मी काय रागावलो? नाय. ज्याला काय राखायचा असेल त्यान उघडून बघायलाच पायजे."

जैतूनभाभी आतून म्हणाल्या, "हे माझी पिशवी पन बघतात. बाजारात जाताना नाय, समुद्रावरनं येताना."

माझं टिपण वर गेलं, वरून हुकूम आला, आणि पुढच्या मे महिन्यात, ऐन आगोटीच्या तोंडाला, वया उपटल्या गेल्या. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीचे दिवस. घरांची डागडुजी, गिलावे, सगळं उरकायची घाई. सरकारी जागा मोकळी झाली म्हटल्यावर खिंडीत साचलेली वाळू लोकांनी पाट्या भरभरून नेली. झावळ्यांबरोबर वेलही उपटून आली होती, त्यामुळे फावडं सहज जात होतं. कासमभाई दोन दिवस लोकांना अडवत राहिले, पाट्यांपुढे आडवे पडायचे तेवढे बाकी राहिले. "कासम, आता तुझी जागा नाय ती," लोक म्हणत. ते म्हणत, "माझी कवा व्हती?" पण हे कुणी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तरी पटलं नसतं.

जूनमध्ये वादळ झालं आणि त्यातच अमावास्येचं उधाण आलं. दर्या खिंडीतून आत शिरला. दत्ताराम सुर्व्यांचे अकरा माड मुळासकट उन्मळून पडले, मोहल्ल्यातल्या चार घरांच्या पडव्यांत मासे सापडले. माणूस कुणी दगावलं नाही. पण दोन दिवस समुद्राचं पाणी विहिरीवर उभं होतं.

पावसाचा जोर ओसरल्यावर किती जमीन वाहून गेली ते मोजायला मलाच पाठवलं. मी रजा टाकायच्या विचारात होतो, पण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. खिंड आता खिंड राहिली नव्हती, चांगला दरवाजा झाला होता. कासमभाई घराच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी आत बघून नुसतं म्हटलं, "जैतून, मोजणीवाल्यांना पानी दे."

तोच तांब्याचा पेला. मी घोट घेतला आणि तो मला गिळता येईना, थुंकताही येईना. खारट, मचूळ, घशात चिकटणारं. कासमभाई पूर्वीसारखेच माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसा हाय?"

"खारं आहे."

"ह्या लिवाल?"

मला शरम वाटली. आयुष्यात फार वेळा वाटलेली नाही म्हणून ती नीट लक्षात आहे. नऊ मीटरचा माझा आकडा बरोबर होता आणि त्या बरोबर आकड्याने दोन वाड्यांचं पाणी घालवलं होतं. बायका आता डोंगरातल्या झऱ्यावर जात होत्या, एका कळशीला तास. मी म्हटलं, "कासमभाई, चूक माझी झाली. तुम्ही सांगितलेलं मी खरं धरलं नाही."

मला वाटलं होतं माणूस जरा विरघळेल. ते म्हणाले, "आता खरा धरलात कशावरनं?"

मग ते उठले आणि मला घराच्या मागच्या भिंतीकडे घेऊन गेले. सौदीच्या पहिल्या कमाईतलं घर. गिलाव्यावर पांढरी बुरशी धरल्यागत मीठ फुटलं होतं, आणि स्लॅबच्या कडेला गंजलेली सळई उघडी पडली होती. त्यांनी बोट लावलं आणि चाटलं.

"चाखून बघा. मिठागर हाय. ही पुळण कुठली म्हायती हाय? बांधाच्या मधली. पयल्या सुट्टीत आलो ना, तवा ह्या घरासाठी मीच काढली. गाडीवानाला म्हटला, मधनं काढ, जवळ पडतं. माझा बघून मग सगळ्यांनी काढली. ती खिंड तुमच्या नकाशात हाय? नसेल. ती माझी हाय." ते माझ्याकडे वळले. "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मी कोनावर इस्वास ठेवत नाय ता उगीच नाय."

त्यानंतर मी त्यांच्यावर संशय घेतला नाही. त्यांनी मात्र माझ्यावरचा सोडला नाही.

पावसाळा संपला आणि वाऱ्याने दिशा बदलली तशी पुळण परत यायला लागली. याबद्दल त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "दर्या उसना नेतो, मानूस चोरून नेतो." दर्याने पावसात नेलेली वाळू तो हिवाळा-उन्हाळ्यात परत आणून टाकतो, फक्त ती घ्यायला कुणीतरी दारात उभं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पण आता त्यांच्याकडे झावळ्या नव्हत्या. उपटलेल्या वया लोकांच्या चुलीत गेल्या होत्या.

एक दिवस दत्ताराम सुर्वे स्वतः डोक्यावर झावळ्यांचा भारा घेऊन पुळणीवर आले. पडलेल्या अकरा माडांच्या होत्या त्या. मी त्या दिवशी तिथेच होतो. कामाला नव्हे, उगीच गेलो होतो. बायकोला गणपतीपुळ्याला जातो म्हणून सांगितलं होतं. दत्तारामांनी भारा टाकला आणि घाम पुसत उभे राहिले.

"ह्या कशाला आनल्यास?" कासमभाईंनी विचारलं.

"तुला कशाला पायजेत त्यालाच."

"नको. उद्या म्हनशील, झावळ्या माझ्या म्हनून वई माझी, नि वई माझी म्हनून जागा माझी."

दत्ताराम भडकले. "अरे मेल्या, माझ्या तीन पोरांची आई डोंगरावरनं पानी आनते. मला जागा काय करायचीय? लिवून देऊ?"

"कोन लिवनार? हे?" कासमभाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी समुद्राकडे बघू लागलो.

दोघे भाऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते. शेवटी कासमभाई म्हणाले, "एक झावळ तुझी, एक माझी. तुझ्याशेजारी माझी, माझ्याशेजारी तुझी. म्हंजे सगळी वई तुझी पन नाय नि माझी पन नाय."

"तुझ्याकडं झावळ्या कुठायत?"

"तुझ्यातल्या अर्ध्या मला दे. दिल्यास म्हन. ह्यांच्यासमोर म्हन."

दत्तारामांनी माझ्यासमोर मोठ्यांदा म्हटलं, "दिल्या." आणि मग दोघांनी रोवायला सुरुवात केली. एक दत्तारामांची, एक कासमभाईंची, मध्ये मुठीएवढी फट. फट कमीजास्त झाली की कासमभाई मूठ घालून बघत. मी नुसता उभा होतो. साखळी बरोबर नव्हती, आणि मोजायला सांगितलंही नसतं त्यांनी.

ती रीत मग गावात रुळली. दर मोसमाला प्रत्येक घराने झावळ आणायची आणि परक्याच्या झावळीशेजारी रोवायची. दोन एका घराच्या झावळ्या लागून आल्या तर कासमभाई उपटायला लावत. प्रेमाने एकत्र आलेली गावं असतील कुठे. हे गाव एकमेकांवरच्या संशयाने एका रांगेत उभं राहिलं. कुंपणच शेत खातं ही म्हण मी नोकरीभर लोकांना ऐकवत आलो. कुणालाच आपलं म्हणता येत नाही असं कुंपण मात्र मी तिथेच पाहिलं, आणि ते कुणाचं शेत खात नव्हतं.

वेल जगवणं हे झावळ्यांपेक्षा कठीण गेलं. त्यात दसऱ्याची एक भानगड होती. मर्यादवेलीचं पान हुबेहूब आपट्यासारखं, मधोमध चिरलेलं. त्या गावच्या कातळावर आपटा नाही. त्यामुळे सुर्वेवाडीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या दसऱ्याला वेलीची पानं ओरबाडून सोनं म्हणून वाटत. एका दसऱ्यात अर्धी वेल साफ. पहिल्या वर्षी कासमभाई काठी घेऊन उभे राहिले, त्यावरून हिंदू-मुसलमान भांडण लागायची वेळ आली. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते एसटीने लांज्याकडे गेले आणि आपट्याच्या फांद्यांचं मोठं ओझं घेऊन उतरले. सकाळी सुर्वेवाडीच्या तोंडाशी उभे राहून येईल त्याच्या हातात डहाळी देऊ लागले.

"सोना घ्या. खरा हाय, लांज्याचा. नि माझ्या वेलीला हात लावू नका."

म्हातारी माणसं गोंधळली, काहींनी हात जोडून घेतलं. दुपारपर्यंत गावभर बातमी झाली की कासम ग्रामपंचायतीला उभा राहणार. विरोधकांनी एका माणसाला मुद्दाम विचारायला पाठवलं. कासमभाई म्हणाले, "मी उभाच हाय की. बांधावर." त्या निवडणुकीत त्यांचं नाव कुठेच नव्हतं, तरी पुढची दोन वर्षं लोक म्हणत राहिले की याचं काहीतरी आतून चाललेलं आहे. ते दर दसऱ्याला आपटा आणत राहिले.

विहीर लगेच सुधारली नाही. दर हिवाळ्यात दोन्ही वाड्यांनी मिळून ती उपसायची, पावसाने भरायची, पुन्हा उपसायची. कासमभाई रोज सकाळी एक घोट घेत आणि थुंकत. जैतूनभाभी म्हणायच्या, "आजारी पडाल." ते म्हणायचे, "मग कोनाच्या जिभेवर इस्वास ठेवू?" तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका सकाळी ते थुंकले नाहीत. तिथे बायका होत्या, त्यांनी कळशा खाली ठेवून बघितलं. कासमभाईंनी दुसरा घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. मग जैतूनभाभींना बोलावून पाजला, मग दत्तारामांना. तिघांचं एकमत झाल्यावरही आठ दिवस त्यांनी कुणाला भरू दिलं नाही.

मधल्या काळात कुणा दुसऱ्याची तक्रार आली. वई अजून सरकतेय म्हणून. कोकणात तक्रारी मरत नाहीत. मी साहेबांकडे जाऊन ती मोजणी मागून घेतली. खिंड भरली होती. जिथे पहिली वई होती तिथे आता डोक्याएवढी वाळू आणि वर वेलीचं जाळं. नवी वई जुन्या वईपासून सतरा मीटर पुढे. आकडा लिहिला. मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'वई सरकलेली नाही. पुळण वाढून पुढे आली आहे. वई विरळ असून केवळ वाळू धरण्यासाठी आहे. ती काढल्यास विहिरीस व वस्तीस धोका.' नोकरीत इतका लांब शेरा मी कधी लिहिला नव्हता.

कासमभाईंना मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, तर डोळे बारीक करून म्हणाले, "तुमी वाचलात. कागदावर काय हाय ता कुठं कळला?" त्यांनी कागदाची नक्कल मागून घेतली आणि दत्तारामांना हाक मारली.

"दत्तू, तू वाच. तू माझा जुना दुश्मन. तू उगीच गोड वाचायचा नाहीस."

दत्तारामांनी चष्मा लावून सगळा शेरा वाचला, शेवटच्या तारखेसकट. कासमभाईंनी तो पुन्हा वाचायला लावला. मग कागद घडी करून लुंगीच्या कनवटीला खोचला आणि मला म्हणाले, "म्हंजे सरकारची जमीन मी वाढवली. आता हिचा शेतसारा नका मागू माझ्याकडं." हसले. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच पाहिलं. निघताना चपला झटकायला लावल्याच.

त्यानंतर माझी बदली झाली, मग मी निवृत्त झालो. मधे एकदा मोठं वादळ येऊन गेल्याचं पेपरात वाचलं. मुद्दाम फोन करून विचारलं. बांधाचा पुढचा भाग दर्याने कापून नेला होता, पण आत पाणी शिरलं नव्हतं. दत्ताराम फोनवर म्हणाले, "कासम म्हनतो उसना नेलान, देल परत."

शेवटचं त्यांना बघितलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी आणि बायको पावसला आलो होतो, तिथून गेलो. बांधावरची वाट आता वळणाची केली होती, वाऱ्याला सरळ धाव मिळू नये म्हणून. वळणाच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कासमभाई बसले होते. दाढी पांढरी, मेंदी संपलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते, डॉक्टरवर विश्वास नाही म्हणून. पुढच्या बाजूला झावळ्यांची नवी रांग होती आणि तिच्या पायथ्याशी वाळू चढायला लागली होती.

आम्ही समुद्रावरून परतताना पावलांचा आवाज ऐकून त्यांनी काठी आडवी धरली.

"कोन ता? चपला झटका."

बायकोने झटकल्या. मी झटकल्या. मी नाव सांगितलं. त्यांनी काठी खाली घेतली नाही.

"मोजणीवाले?"

"हो."

"मग तुमी दोनदा झटका."

मी पुन्हा झटकल्या. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कासमभाई, विहिरीचं पाणी कसं आहे आता?"

"जाऊन प्या," ते म्हणाले. "माझ्या सांगन्यावर इस्वास ठेवू नका."

आम्ही विहिरीवर गेलो. सुर्वेवाडीतल्या एका बाईने कळशीतलं ओंजळीत ओतलं. गोड होतं. मी दोन ओंजळी प्यालो, तिसरी डोळ्यांना लावली. वर रस्त्याकडे जाताना मागे वळून बघितलं. कासमभाई खुर्चीतून उतरून खाली बसले होते आणि मी चपला झटकल्या त्या जागी हाताने चाचपत होते. मी सगळी वाळू टाकली की थोडी बरोबर नेली, त्याची खात्री करत असावेत.